भीतीचे माप आणि रोगाचे माप

साथीचा रोग कसा पसरतो याचा शोध वैद्यकशास्त्राने बऱ्याच अंशी लावला आहे. साथीची वार्ता कशी पसरते, ती वाचणाऱ्याच्या मनात रोगाचे कोणते चित्र उभे राहते आणि त्या चित्रानुसार तो कसा वागतो, याचा विचार मात्र तितक्या गांभीर्याने होत नाही. वास्तविक या दोन गोष्टी एकमेकींपासून अलग करता येण्याजोग्या नाहीत. सर्वसामान्य माणूस सूक्ष्मदर्शकातून जंतू पाहत नाही. तो सकाळी दारात पडलेले वर्तमानपत्र पाहतो, संध्याकाळी दूरचित्रवाणी पाहतो आणि अलीकडे दिवसभर हातातला मोबाइल पाहतो. कोणत्या रोगाला भ्यावे, कोणत्या रोगाकडे काणाडोळा केला तरी चालेल, कोणते औषध घरात साठवून ठेवावे आणि कोणत्या शेजाऱ्यापासून दूर राहावे, हे तो बहुधा तेथेच शिकतो. हे शिक्षण कशा प्रकारे दिले जाते, हे तपासावयाचे तर १९९४ सालच्या सुरतेच्या प्लेगइतके उद्बोधक उदाहरण शोधून सापडणार नाही.

सुरतेचे ते दिवस

३० सप्टेंबर १९९३ रोजी लातूर-उस्मानाबाद परिसरात भूकंप झाला. त्यानंतर वर्ष उलटण्याच्या आतच, ऑगस्ट १९९४ मध्ये, शेजारच्या बीड जिल्ह्यातील मामला या गावी गाठींच्या प्लेगचे रुग्ण आढळले. धास्तावलेल्या लोकांनी सोडलेली घरे, त्यांत तसेच राहिलेले धान्य आणि त्यावर पोसलेले उंदीर यांच्याशी तज्ज्ञांनी या उद्रेकाचा संबंध जोडला. पाव शतकाहून अधिक काळ देशात न दिसलेला रोग पुन्हा अवतरला होता. तरीही मामल्याची वार्ता देशाच्या कानी फारशी गेली नाही. खेडे लहान, माणसे गरीब आणि गाठींचा प्लेग औषधाने बरा होणारा. बातमी उमटली आणि विरली.

सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगचे रुग्ण रुग्णालयात येऊ लागले, तेव्हा चित्र पार पालटले. त्या पावसाळ्यात तापीच्या पुराने शहराच्या सखल वस्त्यांत चिखल आणि घाण साचली होती. यंत्रमाग व हिरे यांच्या उद्योगांमुळे शहर वेड्यावाकड्या रीतीने वाढलेले, वस्त्या दाट आणि गटारे अपुरी. रोगाची भूमी तयार होती, तशी भीतीचीही होती. प्रथम अफवा उठली ती पाण्यात विष कालवल्याची. मागोमाग प्लेग हा शब्द आला आणि त्या एका शब्दाने शहर हलले. चार दिवसांत शहरातील सुमारे चौथा हिस्सा लोक बाहेर पडले असा अंदाज आहे. त्यांत पोटासाठी सुरतेला गेलेले खानदेशातील हजारो कामगार होते. कित्येक खासगी डॉक्टरांनीही आपले दवाखाने बंद केले. ज्यांच्याकडे पाहून इतरांनी धीर धरावा, तेच पळणाऱ्यांच्या गर्दीत मिसळले.

यापुढे जे घडले ते रोगाने घडविले नाही, वार्तेने घडविले. मुंबईच्या स्थानकांवर सुरतेहून येणाऱ्या उतारूंची तपासणी सुरू झाली. जेथे एकही रुग्ण नव्हता अशा शहरांत लोक तोंडाला फडकी बांधून फिरू लागले. टेट्रासायक्लिन हे प्लेगवरचे साधे, स्वस्त औषध औषधांच्या दुकानांतून नाहीसे झाले. ज्यांना त्याची गरज नव्हती त्यांच्या कपाटांत ते जाऊन बसले. आखाती देशांनी भारताची विमाने थांबविली, मालाची मागणी रद्द झाली. देशाच्या व्यापाराचे व पर्यटनाचे नुकसान पुढे सुमारे दोन अब्ज डॉलर इतके मोजण्यात आले. भारताबाहेर प्लेग पसरल्याचे मात्र सिद्ध झाले नाही.

आणि खुद्द रोगाचा हिशेब काय? जागतिक आरोग्य संघटनेच्या नोंदीप्रमाणे रक्ततपासणीवरून प्लेगचे संभाव्य ठरलेले रुग्ण देशभरात ८७६ आणि मृत्यू ५४. एकेक जीव मोलाचा, हे खरे. परंतु ५४ मृत्यू आणि लाखोंचे पलायन, ८७६ रुग्ण आणि दोन अब्ज डॉलरचा फटका, यांमधील अंतर कशाने भरून निघाले, हा प्रश्न विचारल्यावाचून राहवत नाही. ते अंतर जंतूंनी भरले नाही. त्या दिवसांत जे छापले गेले, जे दाखविले गेले आणि जे सांगावयाचे राहून गेले, त्याने ते भरले.

अंश दिसतो, छेद दिसत नाही

वृत्तपत्रांनी खोटे छापले म्हणून हे झाले, असे म्हणून सुटका करून घेता येणार नाही. काही ठिकाणी मृतांचे आकडे फुगविले गेले, एका पत्राचा आकडा दुसऱ्याशी जुळेना, हे घडले. पण बहुतेक बातम्या ज्या घटनांविषयी होत्या त्या घडलेल्याच होत्या. स्थानकावर गर्दी होती, औषध मिळत नव्हते, माणसे मरत होती. प्रत्येक वाक्य खरे असूनही सबंध चित्र खोटे ठरू शकते, हीच या व्यवसायातील सर्वांत अवघड गोष्ट आहे.

याचे कारण शाळेतील गणिताच्या भाषेत सांगता येण्याजोगे आहे. अपूर्णांकाला अंश असतो तसा छेदही असतो. 'पन्नास जण दगावले' हा अंश झाला; किती लोकसंख्येपैकी, किती दिवसांत, इतर रोगांनी त्याच काळात किती दगावले, हा छेद. नुसत्या अंशाला काहीच अर्थ नसतो. बातमीत मात्र अंश मथळ्यात बसतो आणि छेद बहुधा जागेअभावी गळतो. वाचक आपल्या भीतीनुसार हवा तो छेद मनाशी धरतो, आणि भयभीत मनाचा छेद नेहमी फार लहान असतो. 'पन्नास जण गेले, आता एक्कावन्नावा मीच' असेच त्याला वाटते.

शब्दांचेही तसेच. मराठी पत्रसृष्टीत साथीसाठी काही शब्द जणू राखून ठेवलेले आहेत: रोग 'थैमान घालतो', साथीचा 'कहर' होतो, मृत्यूचे 'तांडव' चालते, रोग अनोळखी असला की तो 'गूढ' ठरतो आणि औषध नवे असले की ते 'संजीवनी'. हे शब्द लिहिणाऱ्याला सोपे आणि वाचणाऱ्याला परिचित असतात. त्यांतून माहिती मात्र काडीचीही मिळत नाही. रोग कसा जडतो, कशाने जडत नाही, पहिले लक्षण कोणते, कोठे जावे, किती दिवसांत जावे, या पाच प्रश्नांपैकी एकाचेही उत्तर 'थैमान' या शब्दात नाही. फुप्फुसाचा प्लेग जवळच्या सहवासात खोकल्यावाटे पसरतो आणि वेळेवर औषध मिळाल्यास बरा होतो, एवढी दोन वाक्ये त्या आठवड्यात प्रत्येक मथळ्याखाली ठळक छापली गेली असती, तर कदाचित स्थानकावरची रांग आटली असती आणि रुग्णालयापुढची योग्य माणसांची रांग लागली असती.

चित्राचा प्रभाव तर शब्दाहूनही मोठा. घरोघर उपग्रह वाहिन्या येऊ लागल्याला तेव्हा जेमतेम तीन वर्षे झाली होती. तोंडे झाकलेली माणसे आणि खच्चून भरलेल्या गाड्या ही दृश्ये जगभर पुन्हा पुन्हा दाखविली गेली. पडद्यावरचे एकच दृश्य दहा वेळा दिसले म्हणजे पाहणाऱ्याला दहा दृश्ये पाहिल्यासारखे वाटते. बाकीचा भारत त्या दिवशी रोजच्यासारखा कामावर गेला होता, याचे छायाचित्र कोणी काढीत नाही; कारण त्यात बातमी नाही.

ज्याची बातमी होत नाही असा रोग

बातमी म्हणजे वेगळे घडलेले, हा या व्यवसायाचा मूळ संकेत. इतर क्षेत्रांत तो बराचसा निरुपद्रवी असतो. आरोग्याच्या क्षेत्रात तो उलटा पडतो. कारण माणसे बहुधा वेगळ्या रोगांनी मरत नाहीत, नेहमीच्याच रोगांनी मरतात.

प्लेगच्या त्याच वर्षी देशात क्षयरोग काय करीत होता, हे पाहावे. जागतिक आरोग्य संघटनेने त्याच्या आदल्याच वर्षी, १९९३ मध्ये, क्षयरोग ही जागतिक आणीबाणी असल्याचे जाहीर केले होते. त्या दशकात भारतात क्षयाने दररोज हजाराहून अधिक माणसे मरत होती, असा अंदाज होता. म्हणजे सबंध प्लेगने जितके बळी घेतले, त्याच्या कितीतरी पट क्षय एकेका दिवसात घेत होता. क्षयही खोकल्यावाटेच पसरतो. त्यासाठी कोणी गाव सोडले नाही, कोणत्या देशाने विमाने थांबविली नाहीत, कोणत्याही शहरात औषधाचा तुटवडा झाल्याचा मथळा झळकला नाही. क्षयाने मरणारा माणूस चाळीच्या कोपऱ्यातल्या खोलीत दोन वर्षे खोकत असतो. त्याच्या मरणाला तारीख असते, पण बातमीला लागते ती अचानकता नसते.

हे केवळ गतकाळाचे चित्र नव्हे. २०२३ साली जगातील क्षयरुग्णांपैकी चौथ्या हिश्श्याहून अधिक एकट्या भारतात होते. नव्या रुग्णांची संख्या सुमारे २८ लाख आणि मृत्यू तीन लाखांच्या वर, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. दोन आठवड्यांहून अधिक टिकलेल्या खोकल्यासाठी तपासणी करून घ्यावी, औषधे सरकारी केंद्रात विनामूल्य मिळतात, नेहमीच्या क्षयावरचा औषधोपचार साधारणतः सहा महिन्यांचा असून बरे वाटू लागले तरी तो अर्ध्यावर सोडू नये आणि सोडल्यास औषधाला न जुमानणारा क्षय होण्याचा धोका असतो, ही माहिती कोणत्याही 'गूढ' रोगाच्या वृत्तांताहून अधिक प्राण वाचवील. पण ती नवी नाही; आणि जे नवे नाही ते छापावयाचे कसे, हा प्रश्न संपादकांपुढे कायम उभा असतो. वर्षातून एकदा, २४ मार्चला, जागतिक क्षयरोग दिनाच्या निमित्ताने ती आतल्या पानावर येते आणि पुढल्या २४ मार्चपर्यंत विसावते.

एका रोगावरचे हे एकाग्र लक्ष दुसऱ्या रोगाचे लक्ष हिरावून घेते, याचा दाखला करोनाच्या काळाने दिला. २०१९ साली देशात क्षयाचे सुमारे २४ लाख रुग्ण नोंदले गेले होते. २०२० मध्ये ही नोंद सुमारे १८ लाखांवर आली. क्षय कमी झाला म्हणून नव्हे, तर टाळेबंदी होती, दवाखाने करोनाच्या कामाला जुंपले होते आणि खोकणारा माणूस घराबाहेर पडण्यास धजत नव्हता म्हणून. त्या वर्षी करोनाच्या रुग्णांचा आकडा रोज पहिल्या पानावर छापला जात होता. क्षयाच्या नोंदीतून गळालेल्या सहा लाखांचा आकडा तेथे दिसला असता, तर कदाचित काहींचा शोध लवकर लागला असता. आकड्यालाही जागा मिळावी लागते, आणि जागा कोणाला द्यावयाची हे कोणीतरी ठरवीत असते.

गप्प राहणे हा उपाय नव्हे

या सर्वांवरून वृत्तपत्रांनी साथीविषयी मौन पाळावे, असा निष्कर्ष कोणी काढील तर तो घातक ठरेल. मौनाचा अनुभव महाराष्ट्राच्या गाठीशी आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी प्लेगचे निदान केले, तेव्हा ते तत्काळ मान्य करण्याकडे अधिकाऱ्यांचा कल नव्हता. मोठ्या बंदराचा व्यापार प्लेग या शब्दाने बुडतो, हे त्यांना ठाऊक होते. शब्द टाळता आला, रोग टाळता आला नाही. पुढील काही महिन्यांत लाखो लोक मुंबई सोडून गेले. सुरतेने अठ्ठ्याण्णव वर्षांनी जे केले ते मुंबईने आधीच करून ठेवले होते. तेव्हा ना दूरचित्रवाणी होती, ना उपग्रह. अधिकृत माहितीची जागा रिकामी राहिली की ती अफवा भरून काढते, हा नियम यंत्रांवर अवलंबून नाही.

पुण्यात १८९७ मध्ये प्लेग-निवारणासाठी सैनिक घरांत घुसू लागले, माणसांना विलगीकरणाच्या छावण्यांत नेऊ लागले, तेव्हा लोकांचा संताप ज्या वाटेने सरकारपर्यंत पोहोचला ती वाट देशी वृत्तपत्रांचीच होती. २२ जून १८९७ रोजी रँड यांच्यावर गोळी झाडली गेली आणि पुढे 'केसरी'तील लेखनाबद्दल टिळकांना राजद्रोहाची शिक्षा झाली, हा इतिहास सर्वश्रुत आहे. त्यातून एवढे तरी निश्चित दिसते की, आरोग्याची बातमी ही केवळ जंतूंची बातमी कधीच नसते. सरकार लोकांशी कसे वागते, कोणाच्या दारावर थाप पडते आणि कोणाच्या पडत नाही, हेही त्या बातमीचेच अंग आहे. जे पत्र हे सांगणार नाही ते शास्त्रशुद्ध असूनही अपुरे ठरेल.

सुरतेच्या गोंगाटाचेही एक श्रेय मान्य करावयास हवे. जगापुढे नाचक्की झाली नसती तर त्या शहराची गटारे कदाचित तशीच तुंबलेली राहिली असती. १९९५ मध्ये आयुक्त म्हणून आलेल्या एस. आर. राव यांच्या कारकीर्दीत सफाईचे जे काम झाले, त्याने घाणीसाठी कुप्रसिद्ध झालेले शहर स्वच्छतेसाठी नावाजले जाऊ लागले. भीतीने झाडू हाती दिला, असे म्हणता येईल. प्रश्न इतकाच की, मराठवाड्यातील एका खेड्याची बातमी ऑगस्टमध्ये शांतपणे आणि नेटाने लिहिली गेली असती, तर सप्टेंबरमध्ये इतक्या मोठ्याने ओरडावे लागले असते काय? देखरेख करणाऱ्या यंत्रणेला जाग आणावयाची ती पहिल्या रुग्णाच्या वेळी. पन्नासाव्या मृत्यूच्या वेळी आणलेली जाग ही बहुतेक नुसती घबराट असते.

खुलाशाची चाल मंद असते

आरोपाची वार्ता घोड्यावरून जाते आणि खुलाशाची पायी, याचे एक जुने उदाहरण मुंबईशीच निगडित आहे. प्लेगवरची लस तयार करणारे वाल्डेमार हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. पुढे ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल या गावी लस टोचलेल्या १९ जणांना धनुर्वात होऊन ते मृत्युमुखी पडले. हे एकोणीसही जण एकाच बाटलीतील लस घेतलेले होते. दोष मुंबईच्या प्रयोगशाळेवर आणि पर्यायाने हाफकिन यांच्यावर आला. त्यांना पदावरून दूर व्हावे लागले. बाटली गावात उघडताना दूषित झाली असावी, याकडे बोट दाखविणारा पुरावा असूनही त्याचा नीट विचार व्हावयास वर्षे लागली. हिवतापाच्या संशोधनासाठी नोबेल पारितोषिक मिळविलेले रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी जुलै १९०७ मध्ये लंडनच्या 'टाइम्स'मध्ये पत्र लिहून हाफकिन यांची बाजू मांडली, तेव्हा कोठे त्यांच्यावरचा कलंक धुतला गेला. परळच्या संस्थेला १९२५ मध्ये त्यांचे नाव मिळाले. पण लसीने माणसे मरतात ही समजूत दरम्यान किती घरांत रुजली असेल, तिची गणती कोणी केलेली नाही.

सुरतेचेही असेच झाले. तो रोग खरोखर प्लेगच होता की दुसरे काही, असा वाद त्या वेळी शास्त्रज्ञांत उठला. सरकारने प्राध्यापक व्ही. रामलिंगस्वामी यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ समिती नेमली आणि तिने प्लेगचा निर्वाळा दिला. २००० साली जंतूंच्या अनुवंशद्रव्याच्या अभ्यासातूनही त्याला पुष्टी मिळाली. वाद गाजला तितका निर्वाळा गाजला नाही. त्यामुळे सुरतेत प्लेग नव्हताच, असे सांगणारे सुशिक्षित आजही भेटतात. बातमीचा पहिला भाग वाचलेल्या वाचकाला तिचा शेवटचा भागही मिळावा, हा त्याचा हक्क आहे. आणि तो देणे हे वृत्तपत्राचे कर्तव्य आहे. पाठपुराव्याची बातमी नीरस असते, ही सबब येथे चालण्यासारखी नाही.

१९९४ ची टेट्रासायक्लिन आणि २०२१ चे रेमडेसिविर यांच्या कथा शेजारी ठेवल्या तर हे अधिक स्पष्ट होईल. एप्रिल २०२१ मध्ये महाराष्ट्रातील शहरांत रेमडेसिविरच्या कुप्यांसाठी नातेवाईक रात्रंदिवस रांगा लावून उभे होते. काळ्या बाजारात त्यांचे भाव वाटेल तसे वाढले. औषधासाठी दागिने मोडणारी कुटुंबे होती. तुटवड्याची, साठेबाजीची, आरोप-प्रत्यारोपांची बातमी रोज येत होती आणि ती येणे योग्यच होते. परंतु या औषधाने मृत्यू टळतो काय, हा मूळ प्रश्न त्या बातम्यांच्या तळाशी दबून गेला. जागतिक आरोग्य संघटनेच्या चाचण्यांत रुग्णालयातील रुग्णांच्या मृत्यूंवर या औषधाचा फारसा परिणाम आढळला नव्हता आणि तिने नोव्हेंबर २०२० मध्येच ते वापरू नये अशी शिफारस केली होती. २०२२ मध्ये संघटनेने काही ठरावीक रुग्णांपुरती ती शिफारस बदलली. म्हणजे शास्त्र पुढे सरकत होते, दुरुस्त होत होते. रांगेतल्या माणसापर्यंत मात्र त्याची पहिली शिफारसही पोहोचली नव्हती आणि दुसरीही नाही. त्याला एवढेच कळले की, वस्तू दुर्मिळ आहे. आणि दुर्मिळ आहे म्हणजे प्राण वाचविणारी असलीच पाहिजे, असा अर्थ त्याने लावला. तुटवड्याची बातमी ही कळत नकळत गुणाची जाहिरात होते, ती अशी.

जाहिरातीचा विषय निघालाच आहे तर आणखी एक विसंगती नोंदविणे भाग आहे. असाध्य रोग हमखास बरे करण्याचा दावा करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध १९५४ पासून या देशात कायदा आहे. तरीही अग्रलेखात शास्त्रीय दृष्टिकोनाचा पुरस्कार करणाऱ्या पत्राच्याच आतल्या पानावर मधुमेह मुळापासून नाहीसा करण्याची हमी छापली जाते. वाचकाला पानांच्या या विभागणीशी कर्तव्य नसते. त्याच्या दृष्टीने 'पेपरात आले आहे' एवढे पुरेसे असते.

काय करता येईल

वृत्तपत्रांकडून अशक्य अशा काही अपेक्षा करण्याचे कारण नाही. रोगाच्या बातमीतील प्रत्येक आकड्याखाली त्याचा छेद द्यावा. जे निश्चित आहे ते निश्चित म्हणून आणि जे शंकास्पद आहे ते शंकास्पद म्हणून सांगावे. 'अद्याप ठाऊक नाही' हे वाक्य छापण्यात कमीपणा मानू नये. रोग्याचे नाव, जात, धर्म आणि वस्ती यांचा उल्लेख रोगाच्या आकलनास आवश्यक असल्याखेरीज करू नये. नाहीतर रोग बाजूला राहतो आणि रोगीच गुन्हेगार ठरतो. वाचकाने काय करावे हे मजकुराच्या शेवटी नव्हे, आरंभी सांगावे. आणि साथ ओसरल्यावर महिन्याने, वर्षाने पुन्हा त्या गावी जावे, काय झाले ते लिहावे. आरोग्याचे विषय हाताळणारा वार्ताहर क्रिकेटच्या वार्ताहराइतका तरी त्या विषयात मुरलेला असावा, ही अपेक्षा जास्त म्हणता येणार नाही. धावसंख्या देताना षटके किती झाली हे सांगावयास जो कधी विसरत नाही, त्याला मृतांची संख्या देताना लोकसंख्या सांगणे जड जाऊ नये.

सरकारी यंत्रणेनेही यात आपला वाटा उचलावयास हवा. माहिती दडवून ठेवावयाची आणि मग अफवा पसरल्या म्हणून पत्रकारांवर डोळे वटारावयाचे, ही रीत १८९६ पासून चालत आली आहे. साथीच्या काळात दररोज ठरावीक वेळी, एकाच जबाबदार तोंडून, चांगले आणि वाईट दोन्ही सांगितले जाईल, तर निम्म्या अफवा जन्मण्यापूर्वीच मरतील.

उरला वाचक. सर्व दोष लिहिणाऱ्यांच्या माथी मारून तो मोकळा होऊ शकत नाही. भडक मथळ्याचा अंक प्रथम संपतो, हे संपादकाला कोणी शिकविले? हल्ली तर वाचक स्वतःच वितरक झाला आहे. एका बोटाच्या स्पर्शाने तो शंभर घरांत वार्ता पोहोचवितो, आणि पोहोचविण्यापूर्वी ती कोठून आली, कधीची आहे, हे पाहण्याइतकीही उसंत त्याला नसते. येथे शाळांना मोठे काम आहे. वर्गात अपूर्णांक शिकविताना आंबे आणि लाडू यांच्या वाटण्या करण्याबरोबरच त्या दिवशीच्या वर्तमानपत्रातील एखाद्या रोगाचा आकडा फळ्यावर लिहून त्याचा छेद मुलांना शोधावयास लावला, तर गणितही समजेल आणि नागरिकशास्त्रही. कचेरीतील कारकून दुपारच्या डब्याच्या वेळी आणि विद्यार्थी वसतिगृहाच्या कट्ट्यावर 'किती मेले' एवढेच न विचारता 'कितींपैकी आणि कशाने' हे विचारू लागले, तर संपादकांनाही त्याचे उत्तर छापण्यावाचून गत्यंतर राहणार नाही.

पुढची साथ येणार, याविषयी कोणाच्या मनात शंका नाही. ती कोणत्या जंतूची असेल हे आज सांगता येत नाही. पण तिची पहिली वार्ता एखाद्या मामल्यासारख्या लहानशा गावाहून, आतल्या पानावर चार ओळींत येईल, असे मानावयास भरपूर जागा आहे. त्या चार ओळी वेळीच ओळखणे, त्यांचा सोक्षमोक्ष लागेपर्यंत पाठपुरावा करणे आणि त्याच वेळी चाळीच्या कोपऱ्यात खोकणाऱ्या माणसालाही न विसरणे, ही त्या वेळच्या वृत्तपत्रांची खरी परीक्षा ठरेल.